धबधब्याच्या पाटीवर जे लिहिलेलं नसतं

पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की अकोल्यात सगळ्यांच्या तोंडी एकच नाव असतं, चिखलदरा. दर्यापूर, अंजनगाव, परतवाडा आणि मग घाट. अमरावतीकरांना तर तो घरचाच डोंगर. आपल्या मोहल्ल्यांमध्ये याला मधल्या काळात आणखी एक कारण मिळालं होतं. आपलं वर्ष चंद्राचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१४ ते २०१७ या वर्षांत रमजान ईद जून-जुलैत आली. २०१८ ला बकरी ईद ऑगस्टमध्ये होती, ती सरकत सरकत २०२४ ला १७ जूनवर आली. म्हणजे दहा वर्षं बासी ईद पावसाळ्यातच. अशा दिवशी घरात कोण बसणार? बिर्याणीचं पातेलं, चटई, लेकरं, सुना, एक म्हातारी खाला, सगळे एका गाडीत कोंबून निघतात.

ही गाडी डोळ्यांसमोर ठेवा, कारण मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे. धबधब्यात वाहून गेल्याची बातमी आली की आपण लगेच रीलवाल्या पोरांना शिव्या घालतो. ती पोरं आहेतच, नाही म्हणत नाही. पण ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातून येणाऱ्या धबधब्यात जे कुटुंब वाहून गेलं, ते पुण्याच्या हडपसर भागातलं होतं, लग्नाच्या निमित्ताने एकत्र जमलेलं. एक बाई आणि चार लेकरं गेली. सगळ्यात लहान चार वर्षांचं. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. प्रवाहाच्या मध्ये एका खडकावर सगळे एकमेकांना घट्ट धरून उभे आहेत, आणि पाणी वाढतंय. मी तो एकदाच पाहिला, पुन्हा उघडला नाही.

त्या व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते मात्र बरंच वाचलं. ‘पाटी वाचता येत नाही का’ हे सभ्य लोकांचं म्हणणं. मृतांचं आडनाव पाहून काहींनी जे लिहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आडनावाचं सोडून देऊ, पाटीचं बोलू. पाटीवर काय असतं? ‘धोका’, ‘पाण्यात उतरू नये’, ‘आदेशावरून’. एखाद्या ठिकाणी कवटीचं चित्र. आता समोर पोटरीभर पाणी आहे, खालचा दगड दिसतोय, शंभर माणसं त्यात बसून भजी खातायत आणि वर ऊन पडलंय. पाटी म्हणते धोका, डोळा म्हणतो काहीच नाही. अशा वेळी माणूस डोळ्याचं ऐकतो. धोका कुठून येणार, कसा येणार, किती वेळात येणार, हे पाटी सांगतच नाही.

तो येतो वरून. गाविलगडचे डोंगर काय आणि सह्याद्री काय, काळ्या पाषाणाचे. माती पातळ, उतार उभा. पठारावर पडलेला पाऊस मुरायला जागा नाही, तो नाल्यांतून एकदम खाली येतो. तुम्ही उभे आहात तिथे थेंब नसेल, पण वर दोन-चार किलोमीटरवर ढग रिता झाला असेल तर तुमच्या पायाशी पाणी काही मिनिटांत वाढतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. म्हणून मघाशी ज्या पाण्यात लेकरू खेळत होतं, त्याच पाण्यात थोड्या वेळाने बाप उभा राहू शकत नाही. खाली शेवाळाचा दगड. आणि अंगावर ओली साडी असो की बुरखा, त्याचं ओझं वेगळंच.

पाणी वाढण्याआधी सांगतंही. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होतं. पानं, काटक्या, कचरा वाहून येऊ लागतो. आवाज जाड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी उठायचं. चप्पल राहू दे, पातेलं राहू दे, फोटो राहू दे. ज्या काठाला गाडी आहे त्याच काठाला जायचं, मधल्या खडकावर चढायचं नाही. मधला खडक सगळ्यात सुरक्षित वाटतो, आणि थोड्या वेळाने चारही बाजूंनी पाणी असलेला तोच असतो.

धबधब्याखालच्या डोहाची गोष्ट आणखी वाईट. तिथे पट्टीच्या पोहणाऱ्याचंही चालत नाही. वरून पडणारं पाणी तळाला जातं आणि गोल फिरून माणसाला पुन्हा धारेखाली ओढतं. पांढरा फेस म्हणजे अर्धी हवा, त्यावर अंग तरंगत नाही. तेल्हारा तालुक्यात वानच्या काठी वारी भैरवगडला मामा-भाच्याचा डोह आहे. नावच ऐका. गावातल्या माणसाला एवढी पाटी पुरते, शहरातून आलेल्याला ते नाव गंमतीचं वाटतं.

आणि पोहणं आपल्याकडे येतं तरी किती जणांना? अकोला, अमरावती, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा पसरलेला. जिथे विहिरीचं पाणी तोंडात घेववत नाही, तिथे पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत ढकलणारे काका कुठून येणार? पोरींचा तर प्रश्नच नाही, मग ती पोर कोणत्याही धर्माची असो. आठ-नऊ महिने टँकरची आणि नळाची वाट बघणारी माणसं आपण. वाहतं पाणी दिसलं की हरखून जातो, यात नवल नाही.

१४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजला वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण गेले. सगळे एकमेकांचे नातेवाईक. घरातल्या मयताच्या दशक्रियेसाठी जमले होते. तिथलं महादेवाचं देऊळ, तिथला धबधबा, जवळच तर आहे म्हणून गेले. एका दुःखासाठी आलेल्या घरात दुसऱ्या दिवशी अकरा मयती. भुशीला लग्न, झुंजला दशक्रिया. घरची माणसं खूप दिवसांनी एकत्र आली की ‘चला, जाऊन येऊ’ हे कोणीतरी म्हणतंच.

आपल्याकडे अशा घरी जाऊन बसलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘मौत लिखी थी.’ बुडून गेलेल्याला शहिदाचा दर्जा आहे, असं हदीसमध्ये आहे, आणि लेकरू गमावलेल्या आईला त्याचा आधार वाटत असेल तर तो तिच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण तेच वाक्य जाण्याआधी, गाडीत बसताना म्हटलं जातं तेव्हा मला राहवत नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असं विचारणाऱ्याला पैगंबरांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितलं, मग भरवसा ठेवायला. ही हदीस आपण दुकानाच्या विम्यापासून पोरीच्या शिक्षणापर्यंत सगळीकडे सांगतो.

भुशीनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मनाईचे आदेश काढले. आपल्याकडेही पावसाळ्यात कुठे दोरी लागते, कुठे शिपाई उभा राहतो. रविवारच्या गर्दीपुढे एक शिपाई काय करणार!

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या मोहल्ल्याच्या मस्जिदीतल्या मौलानांना विचारलं, जुम्म्याच्या बयाननंतर दोन मिनिटं पाण्याबद्दल बोलाल का. ते म्हणाले, ‘सर, आप लिखके दो, मैं पढ़ देता.’ मी लिहून दिलं: पाणी गढूळ झालं की बाहेर. मधल्या खडकावर चढू नका. धारेखालच्या डोहात उतरू नका. कोणी वाहत असेल तर मागे उडी टाकू नका आणि हाताला हात धरून साखळी करू नका. दोरी फेका, झाकण लावलेली रिकामी कॅन फेका, ११२ लावा. गाडीत एक दोरी आणि दोन रिकाम्या कॅन ठेवा.

मौलानांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, ‘सब ठीक है सर. लेकिन औरतां तो जुम्मे को आती नहीं, और बच्चे पानी में उनके साथ रहते. उनको कौन बताएगा?’

त्या कागदाच्या चाळीस झेरॉक्स मी अंगणवाडीच्या बाईंकडे दिल्या आहेत.