आरशाची बैठक

कांच ताठर असते ही समजूत, परावर्तक दुर्बिणीचा आरसा हातानें घासणाऱ्याजवळ फार दिवस टिकत नाहीं. मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्शाइतकी वक्रता चुकली तरी ताऱ्याचा बिंदु विस्कटतो. आणि मोठ्या आरशाची कांच तर तेवढी स्वतःच्या भारानेंच वांकते.

चार महिने खपून केलेला माझा सहा इंची आरसा अंबाजोगाईच्या गच्चीवर केवळ तीन टेकूंवर विसावतो. चौथा टेकू दिला तर तो एक तर रिकामा राहतो, नाहीं तर कांचेला पिळतो! कडेच्या पकडींतहि कागद सरकेल इतकी फट ठेवावी लागते. घरच्या मंडळींना हा सैलपणा पाहवत नाहीं. “एखादा पेंच आवळा कीं,” असें सौभाग्यवती दर वेळीं सुचवितात. पण पेंच आवळले कीं ताऱ्याला तीन कोपरे फुटतात.

मोठ्या आरशांना तीन टेकू पुरत नाहींत. १८३५ सालीं टॉमस ग्रब यानें आयर्लंडांतील आर्मा वेधशाळेच्या १५ इंची आरशाखालीं झुलत्या तरफा घालून भार सारखा वांटला. अशा तरफेचें इंग्रजी नांव, गाडीच्या जनावरांची ओढ सारखी करणाऱ्या आडव्या दांडीवरून आलें आहे. बालाघाटांतल्या एका शेतकऱ्याला मीं तिची आकृति दाखविली, तेव्हां तो म्हणाला, “सर, हें तर जूंच कीं!”