लागणं

मुळा धरणाचं आवर्तन सुटलं की राहुरीच्या शिवारात एका क्रियापदाला उसंत म्हणून नसते. उसाची लागण होते, तीही आडसाली, पूर्वहंगामी किंवा सुरू. कुणाचं वावर पाटाला लागून असतं. विहीर खणताना ‘पाणी लागलं’ अशी आरोळी आली की घरात गूळ वाटतात. आणि उभ्या कांद्यात पावसाचं पाणी साचून पात पिवळी पडली की तोच शेतकरी बांधावर बसून म्हणतो, पाणी लागलं. शब्द तेच दोन. ऐकणाऱ्याला एकदाही शंका येत नाही.

धातू संस्कृतातला, लग्. म्हणजे चिकटणं, भिडणं. लग्न त्याच धातूचं, आणि तेही ‘लागतं’च. भूक, ठेच, दृष्ट, निकाल, नाद, सगळं माणसाला येऊन भिडणारं. लावणं आपल्या हातचं. रोप लावलं म्हणून ते लागेलच असं नाही, तिथे मातीचं आणि पाण्याचं चालतं. शेतीपंपाला रात्रीची लाईट असली की शेतकरी म्हणतो, ‘मला दारं धरायला जावं लागतं’. थंडीत चिखल तुडवतो तो, पण वाक्यात ‘मी’ उरत नाही, ‘मला’ होतो. सक्ती म्हणजे काय, ते या एका प्रत्ययात मला जितकं कळतं तितकं इतर कशात नाही.

आणि याच क्रियापदाचा सर्वांत मायेचा अर्थ खळ्यावर ऐकावा : ‘जाऊबाई, गोण्या भरू लागा बरं.’ पाऊस पडू लागतो तेव्हा सुरुवात होते; इथे मात्र हातभार मागितलेला असतो. माझ्या मते मराठीचं हे मोठं धन आहे, आणि शहरात ते झपाट्यानं विसरलं जातंय.

राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 सालचं. तिथे ‘नंबर लागला’ की खेड्यातलं पोर हरखतं, आणि इंग्रजीतल्या ‘गेट’ (get) या क्रियापदापाशी अडतं. मिळणं, पोहोचणं, समजणं, आजारी पडणं, एवढे अर्थ कसे पाठ करायचे? पण याहून अवघड क्रियापद ते शाळेत जायच्या आधीच शिकलेलं असतं, तेही एकही अर्थ पाठ न करता.

इंग्रजीच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती. ‘गेट’चे अर्थ फळ्यावर लिहिण्याआधी पोरांकडून ‘लागणं’ची वाक्यं मागा. फळा पुरणार नाही.