दीड बोट

दाजींची गाडी पहिल्यांदा थरथरली ती लातूरच्या गंजगोलाईत. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात तिथे आपला रस्ता हुकणं आणि पुन्हा गोल फिरणं आम्हा लातूरकरांना नवं नाही. नांदेडहून आलेले दाजी दुसऱ्या फेरीला निघाले, स्टिअरिंग पूर्ण वळवलं, आणि पायाखाली काहीतरी अडलं. थड, थड, थड. दाव्याला ओढ देणाऱ्या वासरासारखं.

"रस्ते खराब झालेत तुमच्याकडचे," दाजी म्हणाले. नांदेडचा माणूस लातूरला आला की एवढं बोलतोच. मी गप्प बसलो.

गाडी परदेशी बनावटीची, पांढरी, तेरा वर्षांची, एमएच-02 पासिंगची. अंधेरीकडच्या साहेबांना कंटाळा आला की अशा गाड्या मराठवाड्यात उतरतात, आणि इकडे कुणाच्या तरी दारात त्यांना हळद-कुंकू लागतं. नव्या लहान मोटारीच्या पैशात दाजींनी ती आणली. मला स्वतःला इतकी उंच गाडी आवडत नाही. रस्त्यावरचा ओळखीचा माणूस दिसत नाही. पण आत बसलं की गार वाटतं, हे खरं.

परतीला मीही सोबत निघालो. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि माळेगावच्या अलीकडे पिवळा दिवा लागला. पाठोपाठ जळका वास. गाडी कडेला घेतली तेव्हा समोरच्या ढाब्यावर एक म्हातारे मिस्त्री ट्रॅक्टरच्या हौसिंगमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणालो. दाजींनी बोलावलेली क्रेन आली आणि पोरं पुढची चाकं उचलायला लागली, तसे चाचा तिथूनच ओरडले, "चारी वर घ्या, न्हाईतर हितंच ऱ्हाऊ द्या!"

कारण साधं होतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून मागची चाकं रस्त्यावर घासत नेली तर आतली चक्रं कोरडीच फिरणार. बैलगाडीच्या खाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. गाडी जाईल तिथे तिचं वंगण सोबत. इथे सात-आठ लिटर तेल पोटात असून उपयोग नाही.

चाचांनी खाली सरकून, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसचा नट सैल केला, थेंबभर तेल कागदावर घेतलं. काळा चहा. दाजी म्हणाले, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, गिअरचं तेल आयुष्यभर बदलायला लागत नाही. कुणाच्या आयुष्यभर ते पुस्तकात नव्हतं. असे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला, नाहीतर आठ वर्षांनी, तेल बदला म्हणते. पण चाचांना तेलात फारसा रस नव्हता. ते चाकांकडे बघत होते.

"ह्यो नवा कवा टाकला?"

महिन्यापूर्वी लोह्याजवळ खड्ड्यात एक टायर फुटला होता. एक फुटला, एक घेतला. कुणीही हाच हिशेब केला असता. चाचांनी ढाब्यावरून सुतळी मागून घेतली, जुन्या टायरला वेढा दिला, गाठ मारली. मग तीच सुतळी नव्या टायरला. गाठ पोचेना. मधल्या जागेत त्यांनी बोटं ठेवली: एक, आणि दुसरं अर्धं.

"जोडी पटंना, सर."

मी मनातल्या मनात गणित मांडलं. सव्वादोन-अडीच मीटरच्या घेरात तीन सेंटीमीटर. तेवढ्याच फेऱ्यांत नवं चाक किलोमीटरमागे तेरा मीटर पुढे निघतं. उजव्या-डाव्या चाकांचा वाद डिफरन्शियल मिटवतं. पुढच्या-मागच्यांचा वाद मात्र ट्रान्सफर केसमधल्या क्लच प्लेटांवर येतो. त्या घासतात, तापतात, सरळ रस्त्यावरसुद्धा. महिनाभर त्या दीड बोटापायी जळत होत्या.

"जोडी पटंना" हे शब्द मी याच माळेगावात ऐकले होते. आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्याकडे देवणी बैलांची जोडी होती: अंगभर पांढरा तो बाळंक्या, काळ्या ठिपक्यांचा तो शेवऱ्या. श्रावणात बाळंक्या घटसर्पानं गेला. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला आबा मला घेऊन इथे आले. घोडे, उंट, गाढवं, लाल कंधारीच्या रांगाच रांगा. आबांनी एका गोऱ्ह्याचे दात पाहिले, त्याला चालवून पाहिलं, मागून पाहिलं, पुन्हा चालवलं. मग हेड्याने रुमाल टाकला आणि त्याखाली दोघांची बोटं बोलायला लागली. मला फक्त हलणारं कापड दिसत होतं. आबांचा चेहरा एकादशीच्या दिवशी असायचा तसा.

नवा बैल ताकदीचा होता, हीच अडचण. तो ओढायचा, शेवऱ्या मागे राहायचा, गाडी सतत एका अंगाला. शेजारी म्हणाले, म्हाताऱ्याला विका. आबांनी जू दांडीला आवळलेला दोर सोडला, चार बोटं नव्याच्या बाजूला सरकवला, पुन्हा आवळला. म्हाताऱ्याच्या वाट्याला जुवाची लांब बाजू आली, तरण्याच्या वाट्याला आखूड. तरफेचा नियम मला शाळेत पुढे सातव्या-आठव्या इयत्तेत शिकवला. मास्तरांनी फळ्यावर कात्री काढली होती. शेवऱ्या त्यानंतर तीन सुगी चालला. गोठ्यात मात्र तो शेवटपर्यंत डावीकडेच उभा राहायचा, आणि नवा दाव्याला नसला तरी उजवी जागा मोकळी सोडायचा.

"मग आता तीन नवे घ्यायचे?" दाजींचा आवाज बारीक झाला होता.

"कशाला? ह्या तिघांएवढा झिजलेला एक जुना हुडका. नव्याला स्टेपनीत टाका. मग तेल बदला, मग बघू."

चारी चाकं वर घेणारी गाडी नांदेडहून येईपर्यंत संध्याकाळ होणार होती. दाजी सुतळी हातात धरूनच जुन्या टायरवाल्यांना फोन लावत राहिले. साईज सांगितला, कंपनी सांगितली. पलीकडून कुणीतरी विचारलं असावं, झिजलेला म्हणजे किती झिजलेला पाहिजे?

दाजींनी गाठीकडे पाहिलं. "नव्यापेक्षा दीड बोट कमी," ते म्हणाले, आणि पलीकडचा माणूस हसेपर्यंत वाट पाहत उभे राहिले.