घरबीर, कामबीम

घाटनांदूरहून सुटलेली गाडी उदगीर, भालकी, बिदर करत विकाराबादच्या बाजूला जाते, आणि तेवढ्या प्रवासात ‘चहाबिहा’तला ‘बि’ हळूहळू मागे पडून कानडी-तेलुगूचा ‘गि’ कानावर पडू लागतो. हिंदीच्या ‘चाय-वाय’मध्ये व्यंजन तेवढं बदलतं, स्वर जागचा हलत नाही. आपण मात्र दक्षिणेच्या शेजाऱ्यांसारखा स्वरही बदलतो: दगडबिगड, पुस्तकबिस्तक. मुद्रितशोधकाची लेखणी नेमकी अशाच शब्दांवर पटकन फिरते. गबाळं बोलणं, कागदावर कशाला, असा आमच्या धंद्यातला समज. व्याकरणही त्यांना अंशाभ्यस्त म्हणून ‘शेजारीपाजारी’च्या रांगेत बसवून मोकळं होतं. पण ‘पाजारी’ ऐकून ऐकून पाठ करावा लागतो. ‘बि’चं तसं नाही. मोबाइल आला तसा ‘मोबाइलबिबाइल’ही आला, कुणी शिकवला नाही.

साचा दक्षिणेशी जुळत असला तरी त्याचं माप मराठीच आहे. कानडीत ‘कागद-गीगद’ होतं, म्हणजे स्वर गेला तरी त्याचा दीर्घपणा टिकतो. आपण ‘कागदबिगद’ म्हणतो. उलट ‘घर’मध्ये दीर्घ काहीच नसताना ‘घरबीर’ होतं, कारण अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार मराठीत दीर्घ. ‘कामबीम’ दीर्घ, पण ‘कामाबिमाला’ म्हटलं की ऱ्हस्व, अगदी ‘मीठ-मिठाला’सारखं. तेव्हा ‘घरबिर’ छापलेलं दिसलं तर शब्द न खोडता वेलांटी दुरुस्त करावी.

यावर कुणी म्हणेल, ‘वगैरे’ आहे की! आहे, तोही अरबीतून आलेला. पण ‘पैसे वगैरे नाहीत’ ही अर्धवट यादी झाली. ‘पैसेबिसे काही नाहीत’ म्हटलं की मागणारा दारातूनच परत फिरतो. पंचनाम्यात ‘घरबीर जळालं’ चालणार नाही, हे मात्र कबूल. तिथं काय काय जळालं त्यावर भरपाई ठरते. ललित लेखनाला, संवादाला ती अट कशाला?

एका ठिकाणी मात्र ‘बि’ स्वतःच अडतो. खताचं ‘खतबीत’ होतं, औषधाचं ‘औषधबिषध’. बियाण्याला ‘बि’ लावला तर पुन्हा बियाणंच उरतं. मग मृगाच्या तोंडावर दुकानात बोलणाराही मुकाट्यानं म्हणतो, ‘बियाणं वगैरे घेतलं का?’