विंटर क्वार्टर

मिनेसोटा विद्यापीठात आता विंटर क्वार्टर नसतो. १९९९ साली विद्यापीठाने सेमिस्टर पद्धत स्वीकारली आणि फॉल, विंटर, स्प्रिंग, समर ही चार सत्रांची जुनी विभागणी मोडीत निघाली. माझी भाची सध्या तिथे मास्टर्स करते आहे. तिच्या वेळापत्रकात फॉल आहे, स्प्रिंग आहे. हिवाळ्याला मात्र कागदावर जागाच नाही. जानेवारीत, बाहेर पारा शून्याच्या कितीतरी खाली असताना सुरू होणाऱ्या सत्राला ही मंडळी खुशाल ‘स्प्रिंग’ म्हणतात. आमच्या वेळी हिवाळा स्वतःच्या नावाने यायचा, दहा आठवडे वर्गात ठाण मांडून बसायचा आणि मार्चमध्ये परीक्षा घेऊनच जायचा.

मी गेले १९९१ च्या सप्टेंबरात. सांगलीच्या घरचे दीड दिवसाचे गणपती पोचवले आणि बॅगा भरायला घेतल्या. त्या वर्षी वडिलांनी कर्जाचा हिशेब मांडला तेव्हा डॉलर २१ रुपयांच्या आसपास होता. जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तोच डॉलर २६ च्या घरात गेला. वडिलांनी वहीतली आकडेमोड खोडली, शेजारी नवी केली. बोलले काहीच नाहीत. भाची निघाली तेव्हा डॉलरने ८० कधीच ओलांडले होते. तिचे कर्ज बँकेचे, हप्त्यांचे वेळापत्रक मोबाइलमध्ये. आम्ही वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून काटकसर करायचो, ती अॅपमधल्या आकड्याकडे बघून करते.

मिनिआपोलिसचे विद्यापीठ मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर पसरले आहे. पहिले काही आठवडे आम्ही नुसते मेपलची झाडे बघत हिंडलो. २७ ऑक्टोबरला ट्विन्स संघाने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि अख्खे शहर रस्त्यावर आले. आम्हाला त्या खेळातले ओ की ठो कळत नव्हते, तरी घसा बसेपर्यंत ओरडलो. चारच दिवसांनी, हॅलोविनला, बर्फ सुरू झाला. शेजारची पोरे भुताखेतांचे पोशाख जाड कोटांवर चढवून दारोदार खाऊ मागत होती. बर्फ थांबला तो ३ नोव्हेंबरला. तोवर शहरात २८.४ इंच पडला होता. तिथले म्हातारे लोक आजही ‘हॅलोविनचा बर्फ’ म्हटले की सरसावून बसतात. मला वाटले, इथे दरवर्षी असेच असते! पुढच्या आठवड्यात दिवाळी होती; घरून निघालेला फराळ पोचला नाताळात. चकल्यांचा भुगा आम्ही चमच्याने खाल्ला.

थंडीची तयारी करता येते. अंधाराबद्दल कोणी बजावलेलेच नसते. सांगलीत वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फार तर दोन तासांचा फरक. मिनिआपोलिसला तो जवळजवळ सात तासांचा. डिसेंबरात दुपारचे लेक्चर संपवून बाहेर यावे तर दिवे लागलेले. भाचीच्या टेबलावर या अंधारासाठी एक खास प्रखर दिवा आहे, सकाळी ती त्याच्यापुढे बसून चहा घेते. विद्यापीठात समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे जाण्यात तिला काही वावगे वाटत नाही. आम्ही मात्र ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ एवढेच म्हणून गप्प बसायचो. हा बदल निखालस चांगला आहे.

सर्वांत मोठा फरक पडला तो घरच्या ऋतूत. आईचे पत्र यायला दोन-अडीच आठवडे लागत. निळे एरोग्राम, एकच कागद. आई समास सोडत नसे. जागा संपली की घडीच्या कडेने उभे लिहायची, त्यामुळे पत्र हातात फिरवत फिरवत वाचावे लागे. उघडताना घाई केली तर कडेची दोन-चार अक्षरे फाटून जायची, आणि नेमका तिथेच कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त असायचा. प्रत्येक पत्रात एक प्रश्न ठरलेला: ‘थंडी फार आहे का?’ तिच्याकडे वळीव झाल्याचे मला कळायचे तेव्हा सांगलीत मृग लागलेला असायचा. गंमत म्हणजे त्याच १९९१ साली आमच्याच विद्यापीठात ‘गोफर’ तयार झाले होते. वेब सर्वत्र पोचण्याआधी जगभरच्या संगणकांवरची माहिती त्यावर शोधता येई. पण सांगलीला खुशाली कळवायला टपालपेटीच गाठावी लागे. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला.

भाचीचे उलटे आहे. पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आहे, हे तिला माझ्या बहिणीच्या आधी ठाऊक असते. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, तेव्हा ती शाळेत होती; त्या भीतीने आता ती मिनिआपोलिसच्या लख्ख उन्हाळ्यात बसून सांगलीच्या पावसाची काळजी करते. आम्हाला एका वेळी एकच ऋतू सोसावा लागे, तिच्या वाट्याला दोन येतात. घरापासून तुटण्याचे दुःख तिला नाही, पण घरापासून सुटका म्हणून जी काही असते, तीही नाही.

आंब्याचेही तसेच. आमच्या काळात अमेरिकेत भारतीय आंब्याला बंदीच होती, त्यामुळे मे महिना म्हणजे डब्यातला गोड रस. २००७ साली बंदी उठली आणि लासलगावच्या केंद्रात विकिरण केलेला आंबा तिकडे जाऊ लागला. भाची आणि तिच्या मैत्रिणी वर्गणी काढून एक पेटी मागवतात. भाव ऐकून मी हबकले, पण फोटोत पाचही जणी कोय चोखत होत्या, मग बोलले नाही.

आणि खुद्द हिवाळा? तोही पूर्वीचा राहिलेला नाही. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी मोजायचे सूत्र अमेरिकेच्या हवामान खात्याने २००१ साली बदलले. नव्या सूत्राने तीच थंडी कागदावर बरीच सौम्य दिसते, त्यामुळे आमचे जुने आकडे सांगितले की भाचीला ते फुशारकीचे वाटतात. पण हवाही खरोखरच बदलली आहे. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटात विक्रमी उबदार ठरला. ज्या तळ्यावरून आम्ही चालत पलीकडे जायचो, त्याला तेव्हा कॅलहून म्हणत. आता तिथल्या मूळच्या डकोटा लोकांनी दिलेले ब्डे माका स्का हे नाव त्याला परत मिळाले आहे. नाव परतले, पण बर्फाचा भरवसा मात्र पूर्वीसारखा राहिला नाही.

वसंताबद्दल बोलायला लागलो की मावशी-भाचीचे खरे अंतर लक्षात येते. मार्चअखेर रस्त्याकडेचे काळपटलेले ढिगारे वितळायला लागत आणि त्यांतून वर्षभरात हरवलेले हातमोजे एकेक करून वर येत. दहा अंशांना पोरे अर्ध्या चड्डीत हिंडू लागत. आमच्यासाठी मार्च म्हणजे एवढेच. नोकरीची चिंता तेव्हा फार नव्हती: शिक्षण संपले की वर्षभर प्रॅक्टिकल ट्रेनिंग, मग जमले तर एच-वन बी, म्हणजे तिथे नोकरी करण्याचा व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा तेव्हाही ६५,००० होती, पण ती भरतच नसे. मी परत आले ते माझ्या मर्जीने, आणि ही मर्जी केवढी चैन होती हे तेव्हा कळले नाही. आता तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा आहेत, तरी अर्ज त्याच्या कितीतरी पट. भाचीसाठी मार्च म्हणजे या व्हिसाची नावनोंदणी, मग सोडत. नाव निघाले नाही तर पुढचा मार्च. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ट्रेनिंगची तीन वर्षे मिळतात, म्हणजे असे तीनेक मार्च हाताशी असतात.

आमच्या पिढीने परदेशातल्या हालअपेष्टा फार मिरवल्या. बर्फ, एरोग्राम, तीन मिनिटांचा महागडा फोन, डब्यातला रस. ते सगळे खरे होते. पण आमचा हिवाळा कितीही कडक असला तरी तो एप्रिलपर्यंत संपणार, हे आम्हाला माहीत होते. भाचीचा हिवाळा सौम्य आहे, तिच्याकडे चांगला कोट आहे, मध्यरात्री आईशी बोलता येते. फक्त तिची वाट बघण्याची मुदत कोणत्या महिन्यात संपेल, हे तिला कोणी सांगू शकत नाही. एकदा मी नेहमीप्रमाणे हॅलोविनच्या बर्फाची गोष्ट सुरू केली तेव्हा ती म्हणाली, “मावशी, तुमचा बर्फ चौथ्या दिवशी थांबला ना?”

त्यानंतर मी तिला ‘थंडी फार आहे का?’ हा आईचा प्रश्न विचारणे सोडून दिले. आता फोन केला की विचारते, नोंदणीची तारीख कधी, कंपनीने कागद दिले का, आणि नाहीच जमले तर इकडे काय करायचे डोक्यात आहे. या तिसऱ्या प्रश्नावर ती सर्वांत जास्त वेळ बोलते.