राजपुत्राची उधारी

आमच्या खणात हिशेबाची एक जुनी वही आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आदिवासी पाड्यांवरील एका लहानशा धर्मग्रामात आमची नेमणूक होती, तेव्हाची. परदेशातून मदतीचे आश्वासन देणारे एक पत्र आले आणि त्या पत्राच्या भरवशावर आम्ही विहिरीचे काम काढले. मजुरांना शब्द दिला, सिमेंट उधार आणले. पैसे मात्र आले नाहीत. दाते कोण होते, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. शब्द आमचा होता. त्या अस्वस्थ दिवसांत फादर डिमिट्रियस गॅलिट्झिन यांचे चरित्र आमच्या हाती आले. सेमिनरीत त्यांचे नाव आम्ही ऐकले होते, परंतु परीक्षेपुरतेच.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात अ‍ॅलेगनी डोंगरांच्या माथ्यावर कॅम्ब्रिया नावाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. १७८८ साली कॅप्टन मायकल मॅग्वायर हा मेरीलँडचा कॅथलिक सैनिक आपले कुटुंब घेऊन तेथील रानात राहावयास गेला. रान ओसाड होते असे म्हणण्याची प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही. मूळ रहिवाशांची किटॅनिंगकडे जाणारी जुनी पायवाट त्याच डोंगरांतून जात होती. १७६८ च्या फोर्ट स्टॅनविक्स करारात तेथील बहुतांश जमिनीवर सही केली ती इरोक्वॉय संघाने. त्या भागात वावरणाऱ्या डेलावेअर व शॉनी लोकांना कोणी विचारले नाही. पाड्यांवर राहिलेल्या माणसाला ही कथा नवी वाटत नाही.

मॅग्वायर १७९३ मध्ये वारला. धर्मगुरूच्या निर्वाहासाठी चारशे एकर जमीन तो बिशप जॉन कॅरल यांच्या हवाली करून गेला होता. जमीन होती, धर्मगुरू नव्हता.

तो आला राजघराण्यातून. गॅलिट्झिन यांचे वडील हॉलंडमध्ये रशियाचे राजदूत, व्होल्टेअर आणि दिदेरो यांचे स्नेही. घरात धर्माला थारा नव्हता. पुढे आई आपल्या कॅथलिक श्रद्धेकडे परतली आणि सतराव्या वर्षी मुलानेही ती स्वीकारली. १७९२ साली जगप्रवासाला म्हणून तो अमेरिकेत गेला आणि सेमिनरीत दाखल झाला! १७९५ मध्ये बिशप कॅरल यांच्या हस्ते त्याला गुरुदीक्षा मिळाली. राजकुमार हे बिरुद टाकून त्याने ऑगस्टीन स्मिथ हे साधे नाव घेतले होते. १७९६ मध्ये एका आजारी प्रॉटेस्टंट स्त्रीच्या निरोपावरून मॅग्वायरच्या वस्तीवर तो प्रथम गेला. १७९९ मध्ये तो तेथेच राहावयास आला. त्याच वर्षी लोकांनी लाकडाच्या ओंडक्यांचे चर्च उभारले आणि नाताळच्या मध्यरात्री त्यात पहिली मिस्सा झाली.

वस्ती वसवणे म्हणजे केवळ मिस्सा अर्पण करणे नव्हे. फादरांनी जमिनी विकत घेतल्या आणि गरीब कुटुंबांना अल्प दरात, पुष्कळदा उधारीवर दिल्या. पिठाची गिरणी, लाकूड कापण्याची गिरणी, कातडी कमावण्याचा कारखाना काढला. गावाला इटलीतील तीर्थस्थानावरून लोरेटो हे नाव दिले. काही मैलांवर रीस लॉईड हा वेल्श प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आपल्या लोकांसह एबेन्सबर्ग वसवीत होता. २६ मार्च १८०४ रोजी शेजारच्या कौंट्यांचे भाग तोडून नवी कौंटी निर्माण झाली तेव्हा तिला कॅम्ब्रिया, म्हणजे वेल्सचे लॅटिन नाव मिळाले. कचेरीही एबेन्सबर्गलाच गेली.

हा सारा व्याप वारशाच्या भरवशावर चालला होता. १८०३ मध्ये वडील निवर्तले. मुलगा कॅथलिक, त्यातून धर्मगुरू. रशियन सरकारने त्याचा हक्क नाकारला. बहिणीकडून वाटा मिळण्याची आशा होती. आला तो थोडाच. कर्जाचा डोंगर तेवढा वाढत गेला. ज्यांना जमिनी दिल्या त्यांतील काहींनीच बिशपांकडे त्यांच्या तक्रारी केल्या. बिशप कॅरल फादरांच्या पाठीशी उभे राहिले, हे त्यांचे भाग्य. शेवटी या राजपुत्राला लोकांकडे वर्गणीसाठी हात पसरावा लागला.

चरित्रकार यास त्याग म्हणतात. २००५ साली ख्रिस्तसभेने त्यांना ‘देवाचा सेवक’ म्हणून घोषित केले, त्याबद्दल आमच्या मनात आदरच आहे. परंतु वही समोर ठेवून वाचताना आम्ही अडखळतो. हाती न आलेल्या पैशावर गरिबाला शब्द द्यावा काय? न दिला असता तर लोरेटो वसले नसते, हेही खरे. फादरांनी तेथे एक्केचाळीस वर्षे काढली. घोड्यावर बसणे अशक्य झाले तेव्हा घसरगाडीतून ते लोकांच्या भेटीस जात. ६ मे १८४० रोजी ते प्रभूच्या भेटीस गेले, तोवर बहुतेक कर्ज फिटले होते.

आमची विहीर पुढे तिसऱ्या उन्हाळ्यात पुरी झाली. सिमेंटवाल्याचे देणे फिटले, मजुरांचेही. वहीतील एकच ओळ खोडलेली नाही. एका मजुराचे एकशे वीस रुपये आमच्याकडे राहिले आहेत. तो वीटभट्टीवर गेला; आम्ही दोनदा भट्टीवर जाऊन आलो, पण तो पुढे कोठे गेला, हे कोणालाच सांगता आले नाही.