दादाची येझदी

टिळकवाडीतल्या आमच्या घरी दादाची येझदी बारा वर्षं झाकून पडलेली. म्हैसूरची, २५० सीसी, किकचा आणि गिअरचा दांडा एकच. किक खालीच जाईना, पिस्टन जाम. दादा आता ८१ चा, हाताला कंप. पुतण्यानं भंगारवाला आणला त्या रात्री तो जेवला नाही. मग मीच म्हटलं, खोलूया.

मी जन्मभर आकडे जुळवलेला माणूस. दादा खुर्चीतून सांगायचा. देव्हाऱ्यातलं निरांजन विझल्यावरच पेट्रोल काढायचं, तेही अंगणात. बॅटरीची तार आधी सोडायची. हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे सैल. सिलिंडर उचलला की क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं. सरक्लिप आत पडली तर अख्खं इंजिन दुभागावं लागतं. नट मी वहिनींच्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले, बँकेची सवय की!

जोडताना रिंगेची फट पिस्टनच्या खिळीवरच बसावी लागते, नाहीतर रिंग तुटते. मला काही ते नीट दिसेना. दादा उठला, थरथरत्या बोटांनी चाचपून म्हणाला, "बसली बघ. उतरव सिलिंडर."

अकराव्या किकेला धूर आला. दादा म्हणाला, "अगं, बसतेस काय मागं?" वहिनी काही न बोलता आत गेल्या, पण हसत होत्या.